खोडरबर

ग्रामपंचायतीतले आमचे कारकून गावच्या पशुपक्ष्यांची नोंदवही काखेत मारून दर रविवारी उसाच्या बांधांवरनं एकटेच फिरतात. सरकारला ती एकदाच भरून हवी होती; यांनी ती सोडलीच नाही. सोबत कुणी येत नाही, घरी वाट बघणारंही कुणी नाही. "जगात लय ठिकाणी माणसं असंच लिहीत असतील गड्या," एवढंच म्हणतात.

परवा मी वही चाळली. खंड्या, सुगरण शाईत होते. गिधाड, तणमोर यांच्यापुढं मात्र दर वर्षी 'आढळले नाहीत', तेही पेन्सिलीनं.

"आवं, हेच तेवढं पेन्सिलीनं का?"

"कवातरी खोडायला लागंल की."

त्यांनी खिशातलं खोडरबर काढून दाखवलं. त्याचा एकही कोपरा झिजलेला नव्हता.