अर्ध्या जोराचा घाव

आमच्या संशोधन केंद्रातला फिटर कुणाच्या अध्यात नव्हता की मध्यात नव्हता. मी तिथला स्टोअरकीपर. स्क्रू मागायला आला तरी मला "साहेब" म्हणायचा. पण धाकट्या भावाचा विषय निघाला की त्याच्या कपाळावरची शीर तट्ट फुगायची.

बापामागे दोघांत मिळून लोखंड कातायचा एक लेथ राहिला होता. तो कुणी वापरायचा यावरून धाकट्याने याच्या थोबाडीत मारली. याने गुद्दा मारून त्याचे दोन दात पाडले. त्याने साखळीने याची पाठ फोडली. याने पाना फेकला, तो धाकट्याच्या डाव्या डोळ्यावर बसला आणि डोळा गेला. महिन्याभराने धाकट्याने याला एकटं गाठलं, डाव्या हाताची दोन बोटं व्हाइसच्या लोखंडी जबड्यात धरली आणि आवळायचा दांडा फिरवला.

"मी दर वेळी जेवढ्यास तेवढंच दिलं," फिटर सांगायचा. तिकडे धाकटाही हेच सांगत असणार.

बोटं प्लास्टरमध्ये असतानाच केंद्रात नवा प्रकल्प आला. भांडण वाढत का जातं, हे शोधायचं. त्यासाठी इंजिनियर सर, मेंदूवाल्या डॉक्टरीणबाई, तत्त्वज्ञानाच्या मॅडम आणि धर्मशास्त्राचे म्हातारे गुरुजी एकत्र आले. एरवी या मंडळींचं चहाच्या वेळेवरही एकमत होत नाही. यंत्र केलं आमच्या फिटरने. दोन माणसं समोरासमोर बसायची. एकाने कळ दाबून दुसऱ्याचं बोट दाबायचं, दुसऱ्याने तेवढ्याच जोराने परत दाबायचं. माणसं अगदी प्रामाणिकपणे तेवढंच दाबत आणि जोर मोजणारा काटा दर पाळीला वर चढे. आठव्या पाळीला लोक कळवळून बोट काढून घेत.

"स्वतःच्या हाताचा जोर मेंदू कमी धरतो," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "समोरच्याचा मात्र पुरता जाणवतो."

"मग दोष कुणाचा?" मॅडमनी विचारलं, आणि दोघी तासभर हातघाईवर आल्यासारख्या भांडल्या.

"म्हणूनच क्षमा करणाऱ्याला आपण हरलो असं वाटतं," गुरुजी पुटपुटले. ते वाक्य कुणी टिपून घेतलं नाही.

फिटर कोपऱ्यात तेलकट फडकं हातात धरून सगळं ऐकत होता. संध्याकाळी तो स्टोअरमध्ये आला.

"साहेब, आता पाळी माझी. पण या वेळी मी अर्धाच मारणार. म्हणजे खरी बरोबरी होईल आणि विषय मिटेल." बोलता बोलता त्याने फळीवरचा एक गज उचलला.

मी हसलो. मला थट्टा वाटली. गज तिथेच हिसकावून घ्यायला हवा होता, तो घेतला नाही, याची मला आजही लाज वाटते.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो भावाच्या दुकानात शिरला. त्याला पाहताच धाकट्याने खुर्ची उचलली.

"थांब," फिटर म्हणाला. "एकच, आणि तोही अर्धा."

नेम खांद्यावर होता. धाकटा खाली वाकला आणि घाव उजव्या भुवईवर बसला. हाड आत गेलं. रक्त छताच्या पंख्यापर्यंत उडालं, असं शेजारचा न्हावी सांगतो. फिटरने गज टाकला, भावाचं डोकं मांडीवर घेतलं आणि रुग्णवाहिकेला स्वतःच फोन केला. "अर्धाच मारला हो, अर्धाच," एवढंच तो येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होता.

उजवा डोळाही वाचला नाही. पोलिसांना मात्र धाकट्याने सांगितलं की मी जिन्यावरून पडलो. आम्हाला वाटलं, वितुष्ट संपलं.

आठवड्याने दवाखान्यातून निरोप आला, दादाला पाठवा. मी सोबत गेलो. दोन्ही डोळ्यांवर पट्ट्या बांधून धाकटा उशाला टेकून बसला होता.

"दादा, हात दे."

फिटरने उजवा, धड हात पुढे केला. धाकट्याने एकेक बोट चाचपलं, तर्जनी पकडली आणि मागे वाकवली. मोडल्याचा आवाज मला दारापर्यंत आला. फिटर घामाने निथळला. प्लास्टर नुकतंच निघालेली त्याची डावी मूठ आवळून वर गेली आणि भावाच्या तोंडासमोर थांबली. मी ओरडायला तोंड उघडलं, तेवढ्यात त्याने मूठ सोडली आणि हात गादीवर टेकला.

"जास्त लागलं का रे दादा?" धाकट्याने विचारलं. "मी जपूनच वाकवलं."

"नाही रे," फिटर म्हणाला. "बेताचंच."