तिरका गेलेला बोल्ट
ये रे, असा दारातूनच काय विचारपूस करतोस, जवळ बस. आणि कंपनीतून सुटल्यावर साबणानं हात धुवायला काय होतं तुला? ह्या ग्रीसच्या वासानं मला मोशीचा रस्ता आठवतो बघ. तुझ्या आजोबांची पिंपरीच्या दवाखान्यात तब्येत फार बिघडली, मला बघायचं म्हणत होते, म्हणून मी आणि धाकटे भाऊजी चाकणहून गाडीनं निघालो, तर वाटेत टायर पंक्चर. भाऊजी म्हणाले, "वहिनी, तुम्ही बसा निवांत. दिवसभर कंपनीत लाइनवर गाड्यांना चाकंच तर बसवतो मी." पण लाइनवर हातात बोल्ट आवळायची हवेची गन, इथं नुसता पाना, सवयीनं त्यांनी स्टेपनीचे बोल्ट आधी बोटांनी न फिरवता थेट आवळले, ते तिरके गेले, आटे गेले, मग आत जाईनात की बाहेर येईनात. कंटेनर धुरळा उडवत चालले होते, माझ्या मांडीवर त्यांच्यासाठी केलेल्या पेजेचा डबा गरम लागत होता. तेवढ्यात नणंदेचा फोन आला, "वहिनी, दादा गेला गं." मी "बरं" म्हणाले. भाऊजी ग्रीसनं माखलेले, पान्यावर पाय देऊन घामाघूम झालेले, "झालंच वहिनी, पोचतोच आपण दादाकडं." मी म्हणाले, "भाऊजी, आता सावकाश करा." रडू काही आलं नाही, डब्याचं झाकण तेवढं परत घट्ट लावलं. अजून हा वास आला की मांडी गरम लागते. राहू दे, हात नको धुऊस. पण आता जाशील तो परत लवकर ये रे.