बायकोचा फॉर्म

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. लग्नानंतर बायकोचं नाव आमच्या गावच्या मतदार यादीत वेळेवर आलं नाही, ते माझ्यामुळे.

पोलादपूरच्या एका शाळेत मी नववीला नागरिकशास्त्र शिकवतो. यंदा स्त्रियांच्या मताधिकाराचा विषय वर्गातच निवडणूक घेऊन शिकवला. बुटांच्या खोक्याची मतपेटी केली. पहिल्या फेरीच्या यादीत फक्त मुलगे ठेवले आणि मुलींना बाजूला बसवलं.

"तुम्ही नुसती शाई लावा गो बोटाला," एक मुलगा म्हणाला. मुलगे हसले.

कुडपणची एक मुलगी उठली. "सर, आमची नावं आपोआप तर नाय ना गेली? काढली कोणी?"

"मीच. खेळापुरती," मी म्हणालो आणि फळ्याकडे वळलो.

बायको दासगावची. लग्न झालं त्या वर्षी तिचं नाव तिथून इकडे आणायचं होतं. यादीचं काम शिक्षक म्हणून माझ्याकडेच होतं, आणि गावातल्या सगळ्या सुनांचे फॉर्म मी दारोदार जाऊन भरून घेतले होते. त्या वर्षी माझा धाकटा भाऊ ग्रामपंचायतीला उभा होता. सही करता करता बायको म्हणाली, "भाऊजींना माझं मत नाय हां. नळाला पाणी आणतो म्हणाले, आणलं का?"

तिचा फॉर्म मी मुदत संपेपर्यंत कपाटात उत्तरपत्रिकांखाली ठेवला. तालुक्याला कुठेतरी राहिला असेल, असं तिला सांगितलं. तिने लगेच मानलं.

त्या निवडणुकीतलं तिचं मत आता परत देता येत नाही. फॉर्म मी अडवला होता, एवढं तिला सांगण्याचं देणं मात्र मी लागतो. ते अजून सांगितलेलं नाही.