व्याह्यांचा चुकलेला अंदाज

माझ्या व्याह्यांचा अंदाज आयुष्यात एकदाच चुकला, आणि तो माझ्यामुळे चुकला. हे सांगायचं मी इतकी वर्षं टाळत आलो.

व्याही म्हणजे माझ्या मुलीचे सासरे. त्यांची सगळी नोकरी न्हावा शेव्याच्या बंदरात गेली. कुठला कंटेनर कस्टममधून कधी सुटेल हे सांगता सांगता त्यांना जगातल्या प्रत्येक गोष्टीच्या डिलिव्हरीची वेळ सांगायची खोड जडली. कुणाचं पोर कधी चालायला लागेल, सोसायटीची टाकी कधी भरेल, वरच्या मजल्यावरचं भांडण जेवणाआधी मिटेल की नंतर, सगळं तयार. लग्नाच्या बैठकीत मी मानपानाचं विचारायला लागलो, तर म्हणाले, "ते सोडा हो. तुम्ही आयुष्यभर माझ्यापुढे वाकून राहणार, बघा." तसंच झालं. मुलीचा बाप ना मी! ते उठले की चपला सरळ करायचो, बसले की पाठीशी उशी सरकवायचो. "व्याही, मी काय बाळंतीण आहे?" असं ओरडायचे.

एके सकाळी त्यांच्या हातातला चहाचा कप पडला आणि डावी बाजू गेली. विहीणबाई आधीच गेलेल्या, जावयाची पावणे औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यात पाळी, घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. सगळं माझ्या मुलीवर येणार होतं. हॉस्पिटलातल्या फिजिओथेरपीच्या बाई मला म्हणाल्या, "या पहिल्या दिवसांत ते आधाराशिवाय बसू शकले आणि पाय थोडा हलला, तर पुढे चालण्याची आशा बरी. नाहीतर घरात वेगळी तयारी ठेवा."

त्यांना पलंगाच्या कडेला बसवलं. पाय किंचित हलला. बाई वाकून पायाकडे बघत होत्या. मी मागे उभा होतो. व्याही कलायला लागले आणि माझा हात शालीखालून त्यांच्या पाठीला डावीकडे लागला. बाईंना दिसला नाही. त्या बाजूला स्पर्शच कळत नव्हता, म्हणून त्यांनाही समजला नाही. हात लागला तो सवयीने, पण मी तो काढला नाही. डोळ्यांपुढे माझी मुलगी होती.

"छान बसलात की! चालाल तुम्ही," बाई म्हणाल्या.

झालं. व्याह्यांनी जाहीर केलं, "गणपतीच्या आरतीला मी खाली. माझ्या पायांनी." जावयानं कळंबोलीला तळमजल्यावरचं घर पाहिलं, व्हीलचेअर फिरेल असं. व्याही भडकले, "कशाला? माझा मी बसलो होतो. यांना विचार, हे होते तिथे." मी मान डोलावली. ते घर राहूनच गेलं.

आरती त्यांनी खिडकीतून ऐकली. सुरुवातीला हसायचे, "कागद क्लिअर आहेत हो, ट्रकच निघत नाही." मग अंदाज सांगणंच थांबलं. घामेघूम होईपर्यंत व्यायाम करायचे आणि मुलीला म्हणायचे, "सूनबाई, पाय बरा आहे गं. मीच कामचुकार." तो जिना ते पुन्हा उतरले ते चौघांच्या खांद्यावरून.

त्याच्या थोडं आधी मी भेटायला गेलो होतो. त्यांनी हळूच विचारलं, "व्याही, त्या दिवशी मी बसलो होतो ना?"

मी त्यांच्या पाठीमागची उशी सारखी केली आणि म्हणालो, "हो."

म्हणायचं होतं ते हे: व्याही, तो माझा हात होता. तुम्ही कामचुकार नव्हतात. मला माफ करा.