दहापैकी किती दुखतंय?

मसाजच्या टेबलावर पालथी पडलेली माणसं जे बोलतात ना, ते टपरीवरसुद्धा कुणी बोलत नाही! बारामतीत माझं सेंटर सुरू होऊन चार वर्षं झाली. हल्ली मित्र भेटले की तब्येत नंतर विचारतात, आधी म्हणतात, "काय रे, नवीन काय?"

बोर्डवर 'रेमेडियल मसाज' लिहिलंय, म्हणजे दुखण्यावरचा उपचार. लोक वाचतात फक्त 'मसाज'. पहिल्याच आठवड्यात इंदापूरचे एक काका चक्क उशी घेऊन आले आणि टेबलावर आडवे होत म्हणाले, "तासाभरानं उठवा."

म्हटलं, "काका, हितं झोपायचं नसतं. काय आखडलंय ते आधी बघावं लागतं. जरा वाकून दाखवा."

"आता वाकता येत असतं तर तुज्याकडं कशाला आलो असतो?"

*

आम्ही तेल अगदी थोडं लावतो. हात नुसताच घसरला तर आतली गाठ सापडत नाही. पण भिगवणच्या आक्कांना हे कोण सांगणार? त्या घरून बाटली भरून घेऊन आल्या. झाकण उघडलं आणि मी दोन पावलं मागं!

"आक्का, कसलं तेल हे?"

"कालच मासं तळलं ह्यात. एवढं त्याल वाया कशाला घालवायचं!"

*

दाब देताना मी सारखं विचारतो, "दहापैकी किती दुखतंय?" त्यावरून जोर कमी-जास्त करायचा असतो. एका रिटायर्ड गुरुजींच्या पोटरीवर अंगठा ठेवला आणि विचारलं.

गुरुजींनी नीट विचार केला. "साडेसहा. अजून मेहनत घ्या!"

*

पण लासुर्ण्याच्या तात्यांची सर कुणालाच नाही. गावच्या क्रिकेटचे वीस वर्षांचे अंपायर. खांदा आखडला आणि उजवा हात छातीच्या वर जाईना. सिक्सला दोन्ही हात वर करावे लागतात, म्हणून तात्या फोर देऊन मोकळे व्हायचे! डाव्या हातानं आउट दिलं तर पोरं मैदान सोडेनात. शेवटी कमिटीनं सांगितलं, फायनलपर्यंत हात वर गेला तर ठीक, नाहीतर दुसरा अंपायर.

"अंपायरकी गेली तर मला गावात इचारतंय कोन?" हे म्हणताना तात्यांचे डोळे भरून आले.

तीन महिने मी तो खांदा सोडवत होतो. किती दुखतंय विचारलं की तात्या "शून्य" म्हणायचे, आणि डोळ्यांतून धारा! "खोटं बोललात तर हात लावणार नाही," असं एकदा खडसावलं, तेव्हा कुठं "नऊ" म्हणाले. घरी रोज भिंतीवरून बोटं वर वर चालवायचे. फायनलच्या आदल्या आठवड्यात दंड कानाला टेकला. खरं सांगतो, मलाच हुंदका आला.

फायनलला पाहुण्या टीमचा एक गडी कमी पडला, म्हणून मॅच बघायला आलेल्या मलाच त्यांनी बॅटिंगला उतरवलं. पहिलाच बॉल बॅटपासून वीतभर लांबून कीपरच्या हातात गेला. बॉलरनं उगाच, दबक्या आवाजात अपील केलं.

तात्यांचा उजवा हात सरळ आभाळाकडं!

मी ओरडलो, "तात्या, कायतरीच काय! बॅटला लागला तरी का?"

तात्या हात खाली घेईनात. "त्ये ऱ्हाऊ दे. कसा वर गेलाय बघ की लेका!"