राख लावलेली ज्वारी

भूकंप झाला तेव्हा मी लातुरात बारावीला होते. डॉक्टर व्हायचं म्हणून पहाटेपासून क्लास. बीजाचे भाग तर झोपेतसुद्धा सांगितले असते. गावाकडं धावत आले तर घराच्या जागी दगडांचा ढीग, आणि त्यात आई कसलंसं गाडगं शोधत हातानं उकरत बसलेली. आम्ही सगळे वाचलो होतो, आणि हिला गाडग्याची पडलेली! मला रागच आला. गाडगं सापडलं, तिनं ते पत्र्याच्या शेडात कोपऱ्याला ठेवलं आणि मामाकडं बैल मागायला गेली. रब्बीची पेरणी तोंडावर होती.

मला काही चैन पडेना. मदतीचा ब्रेड खाऊन बहिणी विटल्या होत्या, भाकरीसाठी रडायच्या. गाडग्यात बघितलं तर ज्वारी, पण राखेनं माखलेली. ढिगाऱ्यात घाण झाली असेल म्हणून तीन पाण्यांनी धुतली, वाळवली, शेजारच्या गावातून सगळी दळून आणली. अति शहाणा त्याचा बैल रिकामा, ती मी!

दोन दिवसांनी आई बैल घेऊन आली तेव्हा मी भाकरीचं पीठ मळत होते.

"पीठ कुठलं गं?"

मी मोठ्या ऐटीत सांगितलं. तिनं जाऊन रिकाम्या गाडग्यात हात घातला. कीड लागू नये म्हणून राख लावून ठेवलेलं ते पेरायचं बियाणं होतं. दगडी वाणाची ज्वारी, आजीच्या सासूपासून घरात चालत आलेली. बाकी गावानं केव्हाच विकतचं, पिशवीतलं बियाणं धरलं होतं. तरी आई शेडोशेड फिरली, मूठभर द्या म्हणाली. मामाकडंही नव्हती.

शेवटी ती मदतीच्या बियाण्याच्या रांगेत उभी राहिली. पिशवी हातात घेऊन तिनं विचारलं, "ह्याचं बी पुढच्या साली पेरायला ठिवता येतंय का?"

वाटणारा म्हणाला, "कशाला? नवीन घ्यायचं की."

परतताना ती पिशवी घेऊन पुढंच चालत राहिली. मी तिला गाठलं. "माय, मार मला, पण बोल!"

"तुला कशाला मारू? तू रानात येते म्हनायचीस," ती म्हणाली. "मीच हाकलायची, पुस्तक धर म्हनून."