रेषेच्या वरचा त्रिकोण

नवऱ्याला मी लग्नाच्या पहिल्याच महिन्यात सगळं सांगून टाकलं होतं — कॉलेजात आलेली दोन पत्रं, त्यातल्या एकाला मी दिलेलं उत्तर, मॅट्रिकला गणितात मिळालेले खरे मार्क. त्याला वाटलं, बायको म्हणजे अगदी स्वच्छ काच. त्याच समजुतीत गेला बिचारा. हे मात्र त्याला सांगितलं नाही. आईला नाही, मुलीला नाही. देवापुढे हात जोडतानासुद्धा मी या विषयाला जरा वळसा घालते. तुम्हाला सांगते आहे, कारण तुम्ही मला ओळखत नाही. आणि माझी नात मराठी वाचते ती दुकानाच्या पाटीपुरती, म्हणजे घरात पकडली जायची धास्ती नाही. बघा — अजूनही मी आधी पळायची वाट शोधून ठेवते, मग बोलायला बसते.

परवा टीव्हीवर लष्कराच्या गाड्या दाखवत होते. छोट्या, हलक्या ट्रकवर बसवलेली तोफ. नात म्हणाली, "आज्जी, तू हे बनवायचीस ना? सो कूल!" मी मान हलवली. मग स्वयंपाकघरात जाऊन उगीचच डाळीचा डबा पुसत बसले.

तेव्हाची मी तुम्हाला आवडले नसते. मला तरी कुठे आवडते? तेवीस वर्षांची, नारायणगुड्याच्या मास्तरांची मुलगी, हातात ड्राफ्ट्समनचा डिप्लोमा. बाईलाही तेव्हा ड्राफ्ट्समनच म्हणत, आणि मला त्याचा कोण अभिमान! बसमध्ये चढताना खांद्याला ड्रॉइंगची लांब नळी अडकवलेली असायची. आत काय? काही नाही. रिकामी. कारखान्यातली ड्रॉइंग घरी न्यायला परवानगीच नव्हती. पण लोकांना दिसायला हवं ना, की ही मुलगी कोणी साधीसुधी नाही! एकदा एका म्हाताऱ्याने विचारलं, "अम्मा, सतार बजाते क्या?" तेव्हा मी दोन दिवस फुरंगटून होते.

कारखाना खाजगी होता, शहराबाहेरचा. पाण्याचे टँकर, ट्रेलर, असली कामं. मग लष्कराचं एक काम आलं. तोफ एरवी ट्रकच्या मागे ओढत नेतात — थांबा, सोडवा, पाय रोवा, मग उडवा. तेवढ्या वेळात समोरचा तुमचा पत्ता काढतो. म्हणून त्यांना ती हलक्या गाडीच्या पाठीवरच बसवून हवी होती. थांबायचं, डागायची, निघून जायचं.

ऐकायला सोपं. पण तोफ लाथ मारते. गोळा पुढे जातो आणि तेवढ्याच रागाने तोफेची नळी मागे येते. जड गाडी ती लाथ खाऊन गप्प बसते. हलकी गाडी उडी मारते. म्हणून मागे जमिनीत रुतणारे दोन लोखंडी पाय द्यायचे, तोफेखाली जाड पत्रा, पत्र्याखाली आडवा बीम, आणि तो बीम गाडीच्या सांगाड्याला धरून ठेवणारे चार ब्रॅकेट. सगळी लाथ शेवटी त्या चार ब्रॅकेटांवर येते. हे मी तुम्हाला आज किती शांतपणे सांगते आहे! तेव्हा एवढा विचार केला असता तर—

नाही, आधी खाजाभाईंचं सांगते.

खाजाभाई वेल्डर होते. पन्नाशीचे, दाढीला मेंदी, हातांवर ठिणग्यांचे बारीक डाग. इंग्रजी येत नव्हतं, पण ड्रॉइंगमधल्या खुणा त्यांना तोंडपाठ होत्या. प्रत्येक वेल्डरला नंबराचा एक पोलादी ठसा मिळत असे. काम झालं की जोडाशेजारी हातोडीने तो उमटवायचा. खाजाभाईंचा नंबर सतरा. बाकीच्यांचं काम मूर्ती साहेब, म्हणजे आमचे ड्रॉइंग ऑफिसचे प्रमुख, स्वतः जाऊन तपासत. सतरा दिसला की तपासत नसत. तो ठसा हीच तपासणी. खाजाभाई तो खिशात नाही, गळ्यात दोरीला बांधून ठेवत. मी मैत्रिणींना सांगून हसायचे — ताईत घातलाय म्हणे!

तर ब्रॅकेट. मूर्ती साहेबांनी सगळी जुळणी आखली आणि ब्रॅकेटांचं पान मला दिलं. शनिवार होता. माझ्या शेजारच्या टेबलावर एक नवा मुलगा बसायचा, त्याच्या आधी पान संपवून मला मिरवायचं होतं — एवढंच. दुसरं कारण असतं तर सांगितलं असतं. मी कपाटातून टँकरचं जुनं ड्रॉइंग काढलं, त्यावर ट्रेसिंगचा कागद ठेवला आणि ब्रॅकेट जसेच्या तसे उतरवले. मापं बदलली. वेल्डची खूण बदलली नाही. ती खूण म्हणजे एक बाण, त्याची आडवी रेष आणि रेषेला चिकटलेला छोटा त्रिकोण. रेषेच्या खाली एकच त्रिकोण असला की वेल्ड एका बाजूने. वर आणि खाली, दोन्हीकडे असले की दोन्ही बाजूंनी. टँकरला एक बाजू पुरते. पाणी लाथ मारत नाही.

मूर्ती साहेबांनी मापं पाहिली, सही केली. खूण पाहिली नाही. माझा हात सुबक होता ना, सुबक पानावर कोण संशय घेतो?

सोमवारी पान वेल्डिंगच्या शेडमध्ये गेलं आणि दुसऱ्या दिवशी खाजाभाई ते घेऊन वर आले. ड्रॉइंग ऑफिसात सगळे बसलेले. दारात चप्पल काढून आले, नेहमीप्रमाणे.

"बेटी, ये एकीच तरफ लिखे क्या? तोप है ना ये. पानी की टंकी नै."

मी पानाकडे पाहिलंसुद्धा नाही. आजूबाजूचे ऐकत होते, आणि एक वेल्डर मला माझं काम शिकवत होता. मी म्हटलं, "नक्शा आप बनाते की मैं बनाती? जितना लिखा उतना करो."

"हौ, बेटी. जितना लिखा उतनाच करते."

नवा मुलगा हसला. मला वाटलं, माझ्या हजरजबाबीपणावर हसला. केवढी मूर्ख होते मी!

चाचणीला मी नव्हते, मूर्ती साहेब होते. पहिले गोळे लांबून दोरी ओढून उडवतात, म्हणून माणसं वाचली. दोन गोळे सरळ गेले. तिसऱ्या वेळी तोफ आडवी फिरवून डागली आणि एका बाजूचे दोन्ही ब्रॅकेट उपटून निघाले. तोफ गाडीवर कलंडली. मूर्ती साहेबांनी फोनवर सांगितलं ते फोन घेणाऱ्याने आम्हाला सांगितलं: जोड एकाच बाजूने होता, दुसऱ्या बाजूला लोखंड कोरंच होतं.

आणि त्या क्षणी मला कळलं. लगेच. मला कळायला वेळ लागला असं मी म्हणणार नाही. ट्रेसिंग बाहेर काढायच्या आधीच मला तो एकटा त्रिकोण दिसत होता.

मग मी काय केलं? रडले? साहेबांकडे गेले? मी पेन काढलं. रेषेच्या वर दुसरा त्रिकोण काढला. ट्रेसिंगवर, म्हणजे मूळ पानावर, बदल केला की कोपऱ्यातल्या चौकटीत तारीख घालून नोंद करायची असते. ती केली नाही. शाई वाळायला फुंकर मारली — वाढदिवसाच्या केकवर मारावी तशी. नव्या प्रती काढल्या. जुन्या दोनच होत्या. एक मूर्ती साहेबांच्या कपाटात, त्याची चावी माझ्याच ड्रॉवरमध्ये असे. दुसरी शेडमध्ये, खाजाभाईंच्या टेबलाशेजारी खिळ्याला अडकवलेली. दुपारी ते नमाजाला गेले तेव्हा मी खाली गेले आणि बदलली. जुन्या प्रती गुंडाळून नळीत घातल्या. त्या दिवशी पहिल्यांदाच नळीत काहीतरी होतं. घरी बंबात घातल्या. आईने विचारलं, "आज बंब तू कशी पेटवतेस गं?" मी म्हटलं, "तुझे गुडघे दुखतात ना." आई किती खूश झाली!

चौकशी झाली. टेबलावर तुटलेला ब्रॅकेट, त्यावर ठळक सतरा. शेजारी पान, त्यावर दोन त्रिकोण. मला आणि खाजाभाईंना समोरासमोर उभं केलं.

खाजाभाई म्हणाले, "एकीच था, साब. मैं पूछा भी. इनसेइच पूछा."

मूर्ती साहेबांनी मला विचारलं, यांनी विचारलं होतं का?

मी म्हटलं, "नाही."

त्या वेळी ऑफिसात असलेले बाकीचे? त्यांना कोणी विचारलं नाही, आणि त्यांनीही आपण होऊन सांगितलं नाही. नवा मुलगा खिडकीबाहेर बघत होता. पण त्यांचं त्यांच्यापाशी. मी माझं सांगते आहे.

खाजाभाई चिडतील, ओरडतील, माझ्याकडे बोट दाखवतील असं मला वाटलं होतं. मी तयारही होते, डोळ्यांत पाणी आणायची सोय मनातल्या मनात करून ठेवली होती. ते माझ्याकडे बघून साहेबांना म्हणाले, "बच्ची है. काम बहुत रहता. भूल गई होंगी." मग पान हातात घेतलं. रेषेवरून अंगठा फिरवला, वरच्या त्रिकोणावर थांबवला. बराच वेळ.

ठसा त्यांनी स्वतःच गळ्यातून काढून टेबलावर ठेवला. दोरीची गाठ सुटेना, तेव्हा मूर्ती साहेबांनी कात्री दिली.

त्यांना काढून टाकलं नाही. घासायच्या कामाला लावलं — इतरांनी केलेले जोड चाकावर घासून गुळगुळीत करायचे. दुसरी गाडी दुसऱ्या वेल्डरने जोडली, माझ्या दुरुस्त पानावरून, दोन्ही बाजूंनी. ती चाचणीत टिकली. मला बढती मिळाली. आईने बेगम बाजारातून किलोभर खवा आणून पेढे केले आणि सगळ्या गल्लीत वाटले. मी पण खाल्ले. दोन.

खाजाभाई पुढे सहा-सात वर्षं तेच काम करून घरी बसले. आता जाऊनही पुष्कळ वर्षं झाली.

तुम्हाला वाटत असेल, झालं, सांगून मोकळी झाली म्हातारी. मलाही इथेच थांबायचं होतं. खोटं बोलले, घाबरून बोलले, तेवीस वर्षांची होते — एवढं सांगून माणूस बऱ्यापैकी सुटतो. पण ही ती गोष्टच नाही.

चौकशीला वर्ष झालं असेल. दुपारची सुट्टी होती, मी शेडजवळच्या नळावर डबा धूत होते. खाजाभाई आले. डोळ्यांवर चष्मा. जाड काळी फ्रेम, एक काडी दोऱ्याने बांधलेली. मी विचारलं, हा कधी घेतला? माझ्याशी ते पूर्वीसारखेच बोलत, हे सांगायचं राहिलंच. बेटीच म्हणत.

ते हसून सांगू लागले. सरकारी दवाखान्यात तीनदा जाऊन आले होते. "डाक्टर बोले, आँखाँ एकदम बराबर हैं चाचा, चश्मा नक्को. मैं बोला, तुमकू क्या मालूम? नक्शे पे दो थे, मेरेकू एक दिखा. तुम थे क्या वहाँ?" म्हणून त्यांनी फुटपाथवरच्या माणसाकडून दहा चष्मे घालून पाहिले आणि त्यातला एक घेतला. "थोड़ा चक्कर आता," ते म्हणाले, "आदत हो जाएँगी."

डॉक्टरवर त्यांचा विश्वास बसला नाही. स्वतःच्या डोळ्यांवर नाही. तीस वर्षं ज्या डोळ्यांनी केसाएवढी भेग ओळखली, त्यांच्यावर नाही. माझ्या पानावर बसला.

शेडमध्ये कोणी नव्हतं. साहेब नव्हते, नवा मुलगा नव्हता. बढती मिळालेली होती, तोफ केव्हाच गेली होती. मला तेव्हा कसलीच भीती नव्हती, हे तुम्ही नीट ऐका. एक वाक्य पुरलं असतं — तुमचे डोळे चांगले आहेत, खाजाभाई. बाकीचं नसतं सांगितलं तरी चाललं असतं.

ते चष्मा नाकावर नीट बसवत माझ्याकडे बघत होते. कसा दिसतो, असं.

मी म्हटलं, "जँच रा आपकू."

ते खूश झाले.